आठ मिनिटांचे सिंगापूर

बडोद्याच्या मराठी माणसाला गाडी बदलण्याचे नावीन्य नाही. खानदेशातील आप्तांकडे जावयाचे तर सुरतेस उतरून ताप्ती लाइनची भुसावळ गाडी धरावयाची, आणि त्या काळच्या औरंगाबादेस जावयाचे तर मनमाडला मोठी गाडी सोडून मीटरगेजच्या लहान डब्यांत सारे बिऱ्हाड हलवावयाचे, हे आमच्या पिढीने लहानपणापासून पाहिले आहे. ट्रंक, वळकटी, फिरकीचा तांब्या आणि मुले, या क्रमाने मोजदाद होई. हमालाच्या बिल्ल्याचा नंबर तोंडपाठ करून वडीलमंडळी पूल चढत. गाडी चुकलीच, तर फलाटावर वळकटी पसरून पुढच्या गाडीची वाट पाहावी, एवढाच काय तो अनर्थ.

आता त्याच घरांतील मुलेबाळे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशी पांगली आहेत. लेकीचे बाळंतपण, नातवाची मुंज, मुलाच्या नव्या घराची वास्तुशांत, अशा निमित्ताने साठी-सत्तरीतील आईवडिलांना समुद्र ओलांडावा लागतो. गावाहून थेट विमान क्वचितच असते. वाटेत कुठे तरी उतरून दुसरे विमान धरावयाचे असते, आणि मधला अवधी कधी कधी तासा-सव्वातासाचाच असतो. या तासाभराची धास्ती साऱ्या प्रवासाहून मोठी असते. तिकीट आल्यापासून घरात एकच प्रश्न घोळत राहतो, "ते दुसरे विमान सापडेल ना?" त्या धास्तीपायी काही जण जाण्याचा बेतच पुढे ढकलतात. पायांत बळ असूनही काही जण चाकाच्या खुर्चीवर बसून स्वतःला पार्सलासारखे परस्वाधीन करतात. म्हणूनच या अल्पशा मुक्कामाविषयी चार शब्द सविस्तर लिहावेत असे आम्हांस वाटले.

२०२४ च्या नोव्हेंबरात आम्ही उभयता सिडनीस गेलो, ते कन्येच्या बाळंतपणासाठी. बडोद्याहून मोटारीने अहमदाबाद, तेथून रात्रीच्या विमानाने सिंगापूर आणि तेथे विमान बदलून सिडनी, असा मार्ग होता. सिंगापूरला दोन विमानांमध्ये अवधी होता तो अवघ्या ८० मिनिटांचा. सात तासांच्या मुक्कामाचे तिकीटही मिळत होते. परंतु रात्रभराच्या जागरणानंतर सात तास खुर्चीत काढणे ज्यांच्या कमरेस मानवत नाही, त्यांना ८० मिनिटांची जोडणीच बरी. शिवाय तिकडे लेकीचे दिवस भरत आले होते.

प्रथम तिकिटाविषयी. अहमदाबाद ते सिडनी हा सारा प्रवास एकाच तिकिटावर असणे, ही या प्रकरणातील पायाभूत गोष्ट होय. प्रत्येक विमानतळासाठी दोन विमानांमध्ये किमान किती अवधी हवा, याचे ठरलेले कोष्टक असते. त्याहून कमी अवधीची जोडणी एका तिकिटावर सहसा दिलीच जात नाही. म्हणजे आपल्या हाती जे तिकीट पडते ते अशक्यप्राय नसते, हा पहिला दिलासा. दुसरा दिलासा असा, की पहिल्या विमानाच्या विलंबामुळे दुसरे चुकले, तर पुढच्या विमानात जागा करून देण्याची जबाबदारी कंपनीची राहते. मोठ्या बॅगाही मधल्या विमानतळावर आपल्या हाती न येता परस्पर पुढे जातात.

आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी पैसे वाचविण्यासाठी दोन निरनिराळ्या कंपन्यांची दोन तिकिटे घेतली. पहिले विमान उशिरा पोचले. दुसऱ्या कंपनीने "आपण वेळेवर आला नाहीत" एवढे सांगून हात झटकले. सामान घेण्यासाठी बाहेर पडावे, तर त्या देशाचा व्हिसा नाही. वाचलेल्या पैशांच्या तिप्पट खर्च होऊन ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी मुक्कामी पोचले. सिंगापूरचाही न्याय असाच आहे. आतल्या आत विमान बदलणाऱ्या भारतीय उतारूला तेथील व्हिसा लागत नाही, की प्रवेशाचा अर्ज भरावा लागत नाही. पण बाहेर पडून सामान घ्यावयाचे म्हटले, की सारे नियम लागू होतात.

अहमदाबादेस सामान देतेवेळी दोन गोष्टी डोळ्यांखालून घालाव्यात. एक म्हणजे दोन्ही विमानांचे बोर्डिंग पास हाती पडले आहेत की नाहीत. आणि दुसरी, बॅगेवर चिकटविलेल्या पट्टीवर शेवटच्या गावाची तीन अक्षरे आहेत की नाहीत. सिडनीची अक्षरे एस-वाय-डी. ती पट्टीवर दिसली म्हणजे सिंगापुरात बॅगेचा विचार मनातून काढून टाकावा. मात्र आपण वेळेवर पोचलो तरी बॅग मागे राहण्याचा संभव थोड्या अवधीत असतोच. यास्तव औषधे, चष्मा, मुलीचा पत्ता आणि अंगावरचा एक जोड हाताशी असू द्यावा. उलटपक्षी सुपारीचा अडकित्ता, लोणच्याची बरणी व तेलाची बाटली यांचे स्थान मोठ्या बॅगेतच.

आता मिनिटांचा हिशेब पाहू. ८० मिनिटे हा आकडा फसवा आहे, आणि तो का फसवा आहे हे घरी बसून समजून घेतले, की अर्धी धास्ती तेथेच ओसरते. आगमनाची वेळ म्हणजे विमान जागेवर येऊन उभे राहण्याची वेळ. त्यानंतर दार उघडते, आणि मग वरच्या कप्प्यांतील पिशव्या काढीत रांग हळूहळू पुढे सरकते. सुटण्याची वेळ म्हणजे विमान जागा सोडण्याची वेळ. गेट त्याच्या आधीच बंद होते. दोन्ही टोकांची ही मिनिटे आपली नव्हेत. त्यांवर आपली सत्ता चालत नाही, म्हणून ती आधीच वजा करावीत.

आमचे विमान १५ मिनिटे उशिरा टेकले. ८० ची ६५ झाली. पुढच्या बाजूच्या रांगेतील जागा मागून घेतल्या होत्या, तरी बाहेर पडण्यास १२ मिनिटे लागली. उरली ५३. गेट १५ मिनिटे आधी मिटते असे धरून चाललो, म्हणजे ३८ उरली. हे ३८ मिनिटांचे भांडवल घेऊन आम्ही सिंगापूरच्या भूमीवर, खरे तर तिच्यावर अंथरलेल्या गालिचावर, पाऊल ठेवले.

होय, गालिचाच. चांगीच्या विमानतळावर लांबच लांब वाटांवर गालिचे अंथरलेले आहेत. शेकडो माणसे चाकांच्या बॅगा ओढीत चाललेली असतात, पण खडखडाट नाही. जागरणाने शिणलेल्या माणसाला या शांततेचे मोल कळते. मन थाऱ्यावर राहते आणि फलक नीट वाचता येतात.

येथे या स्थळाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. सिंगापूर बेटाच्या पूर्व टोकाला चांगी आहे. दुसऱ्या महायुद्धात १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले, आणि चांगीचा परिसर युद्धकैद्यांच्या छावण्यांनी भरून गेला. तेथील पहिली धावपट्टी जपान्यांनी १९४३-४४ च्या सुमारास या कैद्यांच्या श्रमांतून तयार करविली. युद्धानंतर तो इंग्रजांचा लष्करी तळ झाला. नागरी विमानतळ तेव्हा पाया लेबार येथे, वस्तीच्या कुशीत होता. त्याचाच विस्तार करावा, की नवा विमानतळ चांगीला समुद्रकाठी बांधावा, हा प्रश्न १९७५ मध्ये चांगीच्या बाजूने सुटला. विमाने पाण्यावरून यावीत-जावीत, शहरावरून नव्हे, हा विचार पंतप्रधान ली क्वान यू यांनी उचलून धरला. समुद्र हटवून जमीन काढण्यात आली आणि १९८१ च्या जुलैपासून चांगीहून वाहतूक सुरू झाली. १९९० मध्ये दुसरे टर्मिनल आले, २००८ मध्ये तिसरे आणि २०१७ मध्ये चौथे.

विमान बदलणाऱ्याच्या दृष्टीने चांगीची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. पहिल्या तीन टर्मिनलांत विमानातून उतरलेले व विमानात चढावयाचे उतारू एकाच मजल्यावर एकमेकांत मिसळून वावरतात. ज्यांना सिंगापूर शहरात जावयाचे असते ते पारपत्र तपासणीसाठी खालच्या मजल्यावर उतरतात. तेव्हा अल्पमुक्कामाच्या प्रवाशाने एकच सूत्र ध्यानी धरावे : खाली उतरावयाचे नाही. विमानातून बाहेर पडलेला लोंढा जिन्याकडे निघाला, तरी त्याच्या पाठोपाठ जाऊ नये. भिंतीवरील पहिल्या पडद्यापाशी थांबून आपल्या विमानाचा क्रमांक शोधावा व समोरचे गेट वाचावे. आधी छापलेल्या गेटवर विसंबू नये, कारण गेट बदलते.

गेटच्या अक्षरावरून टर्मिनल कळते. सी व डी म्हणजे पहिले, ई व एफ म्हणजे दुसरे, ए व बी म्हणजे तिसरे आणि जी म्हणजे चौथे. आम्ही ई अक्षराच्या गेटवर उतरलो होतो आणि सिडनीचे विमान बी अक्षराच्या गेटवर होते. अर्थात दुसऱ्यातून तिसऱ्यात जावयाचे. पहिल्या तिन्हींच्या दरम्यान 'स्कायट्रेन' नावाची लहानशी विनाचालक गाडी फिरते. तिला तिकीट नाही. चौथे टर्मिनल मात्र दूर आहे व तेथे बसने जावे लागते. ज्यांच्या बोर्डिंग पासवर जी अक्षर असेल त्यांनी रेंगाळू नये.

पडद्यापाशी आम्ही उभे असता आमच्याच विमानातून उतरलेल्या एक वृद्ध गुजराती बाई शेजारी येऊन थांबल्या. एकट्याच होत्या, मेलबोर्नला नातवाकडे निघालेल्या. गुजरातीखेरीज दुसरी भाषा त्यांना येत नव्हती. हातात नातवाने पाठविलेला कागद होता. त्यावर ठळक गुजराती अक्षरांत लिहिले होते, की विमानातून उतरल्यावर दारातच थांबावे, चाकाची खुर्ची घेऊन माणूस येईल. बा दारात थांबल्या नव्हत्या. सारे चालू लागले, म्हणून त्याही चालू लागल्या. बडोद्यात चार पिढ्या काढलेल्या माणसांना गुजराती काही परकी नाही. कागद वाचून आम्ही त्यांना परत विमानाच्या दारापाशी नेले, तो खुर्ची घेऊन आलेली सेविका त्यांचे नाव पुकारीतच होती. खुर्चीत बसताना बांनी आमच्या सौभाग्यवतींचा हात धरला आणि विचारले, "तुम्ही दोघे कोणाच्या भरवशावर जाता?" सौभाग्यवतींनी पर्समधील घडी घातलेला कागद दाखविला. त्यावर मिनिटांचा हाच हिशेब मांडलेला होता.

चाकाच्या खुर्चीविषयी येथे स्पष्ट लिहितो. ज्यांचे गुडघे थकले आहेत, ज्यांना दम लागतो, किंवा ज्यांना बांप्रमाणे भाषेची अडचण आहे, त्यांनी ती निःसंकोच मागावी. तिकीट काढतानाच मागावी, ऐनवेळी नव्हे. खुर्चीच्या उतारूंना बहुधा सर्वांच्या शेवटी उतरवितात, म्हणून काही मिनिटे जातात. परंतु पुढची वाट माहीत असलेला माणूस सोबत येतो. मात्र ज्यांचे पाय धड आहेत आणि केवळ वाट सापडणार नाही या भीतीने जे खुर्ची मागतात, त्यांना आमची विनंती आहे, की खुर्ची मागण्यापूर्वी एकदा विमानतळाचा नकाशा मागवून पाहा. ज्यांनी मनमाडचा पूल चार डाग आणि तीन मुलांसह ओलांडला, त्यांना हे जमण्यासारखे आहे.

स्वच्छतागृहाचे काम आम्ही वाटेतच उरकले. ६ मिनिटे त्यास दिली, आणि ती कधीही वाचवू नयेत. कारण चांगीच्या पहिल्या तीन टर्मिनलांत सामानाची व अंगाची सुरक्षा तपासणी सर्वांची एके ठिकाणी होत नाही, ती प्रत्येक गेटच्या तोंडाशी होते. एकदा तपासणी होऊन काचेच्या खोलीत बसले, की बाहेर येणे म्हणजे पुन्हा रांग. आमच्या खोलीत स्वच्छतागृह नव्हते. पिण्याच्या पाण्याची सोय मात्र होती. वाटेत भरलेली पाण्याची बाटली तपासणीपूर्वी रिकामी करावी लागते, कारण १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या भांड्यातील पातळ पदार्थ आत नेऊ देत नाहीत. बाटली फेकू नये. रिकामी करून न्यावी आणि आत भरून घ्यावी.

स्कायट्रेनच्या त्या दोन-तीन मिनिटांत एक नवल दिसले. तिच्या मार्गाचा एक भाग 'ज्युएल' नावाच्या काचेच्या प्रचंड घुमटातून जातो. मोशे सफदी या वास्तुविशारदाने रचलेली ही वास्तू २०१९ च्या एप्रिलात खुली झाली. घुमटाच्या माथ्यावरील गोल छिद्रातून सुमारे ४० मीटर उंचीचा धबधबा आत कोसळतो आणि सभोवार डोंगरउतारासारखी झाडी लावलेली आहे. आम्ही गेलो त्या सकाळच्या प्रहरी धबधबा सुरू झालेला नव्हता. नुसती झाडे, त्यांवर काचेतून उतरणारे कोवळे ऊन आणि मध्ये वरून खालपर्यंत मोकळी जागा. सौभाग्यवती म्हणाल्या, "देऊळ उघडण्यापूर्वीचा गाभारा दिसतो तसे दिसते." गाडी पुढे गेली आणि झाडी दिसेनाशी झाली.

हे ज्युएल पारपत्र तपासणीच्या पलीकडे आहे. अल्पमुक्कामाच्या उतारूने त्याच्या मोहात पडू नये. तिसऱ्या टर्मिनलातील फुलपाखरांची बाग आतल्या बाजूस आहे, पण तीही ३८ मिनिटांच्या माणसासाठी नव्हे. मार्च महिन्यात परत येताना सिंगापूरला पाच तास मिळाले, तेव्हा आम्ही तेथे निवांत बसलो. निळसर पंखांचे एक फुलपाखरू बराच वेळ सौभाग्यवतींच्या पदरावर होते. मोठा मुक्काम पाहण्यासाठी असतो आणि लहान मुक्काम पोचण्यासाठी, हा भेद मनाशी स्पष्ट असला म्हणजे दोन्ही सुखाचे होतात.

घड्याळाविषयी एक सूचना. सिंगापूरची वेळ आपल्याहून अडीच तास पुढे आहे, आणि बोर्डिंग पासवरील प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. विमानात बसताच मनगटावरचे घड्याळ अडीच तास पुढे करावे. घरात मधुमेहाच्या वा रक्तदाबाच्या गोळ्या असतील, तर दोघांपैकी एकाने आपले घड्याळ भारतीय वेळेवर ठेवावे. आम्ही तसेच केले. यजमानांचे घड्याळ विमानासाठी आणि सौभाग्यवतींचे गोळ्यांसाठी, अशी वाटणी झाली.

स्कायट्रेन, सरकत्या वाटा आणि गेटपर्यंतची चाल यांत १४ मिनिटे गेली, तपासणीत १०. ६, १४ आणि १० मिळून ३०. म्हणजे ३८ पैकी ८ मिनिटे शिल्लक राहावयास हवी होती. बांच्या कामी त्यांतील चार गेली होती, ती आम्हांला स्कायट्रेन येताच उभी सापडल्याने परत मिळाली. ही ८ मिनिटे तेवढी आमची स्वतःची. काचेपलीकडे नुकत्याच पडून गेलेल्या पावसाने जमीन ओली झाली होती. पिवळे अंगरखे घातलेले कामगार आमच्या विमानाच्या पोटात सामान चढवीत होते. खोलीत एक तमिळ कुटुंब डब्यातील इडल्या वाटून घेत होते. डुलक्या घेणाऱ्या नातवाचे डोके आजोबांच्या खांद्यावर होते. विमानतळाच्या फुकट वायफायवरून आम्ही मुलीला एवढेच कळविले, "सिंगापूर झाले. निघतो आहोत." तिचे उत्तर आले, "आता मी झोपते." रात्रभर ती जागी होती, हे तेव्हा कळले. आमची काळजी आम्हांलाच होती असे नव्हे.

आणि समजा, विमान चुकलेच असते तर? तर 'ट्रान्सफर' लिहिलेल्या काउंटरवर जाऊन तिकीट दाखवावयाचे आणि पुढच्या विमानात जागा मागावयाची, हेही कागदावर लिहिलेले होते. वाईटात वाईट काय होईल आणि झाल्यास कोणाकडे जावयाचे, या दोन ओळी लिहून ठेवल्यावर आम्हा दोघांना शांत झोप लागली. तो कागद मुलांनी इंग्रजीत टंकून पाठविण्यापेक्षा ज्यांना जावयाचे आहे त्यांनी आपल्या हाताने, आपल्या भाषेत लिहावा. लिहिताना वाट एकदा मनाने चालून होते, आणि प्रत्यक्षात ती दुसऱ्यांदा चालावयाची असते.

आमचा कागद परतल्यावर शेजारच्या घरी गेला. तेथील आजी-आजोबा येत्या उन्हाळ्यात टोरांटोस निघाले आहेत. त्यांचे विमानतळ निराळे, अक्षरे निराळी, घड्याळाचे गणितही निराळे. त्यांनी आमच्या कागदाच्या मागील बाजूवर आपला हिशेब मांडावयास घेतला आहे. टोकांची मिनिटे वजा करून त्यांच्या हाती ४६ उरतात असे आजोबा सांगत होते. आजींनी त्यांतील ६ आधीच स्वच्छतागृहासाठी राखून ठेवली आहेत.